अप्पांची बुत्ती

सायकलवरचा माणूस वाटेत कशासाठी थांबतो? दम लागला म्हणून, पंक्चर झालं म्हणून, नाहीतर कुणी ओळखीचं भेटलं म्हणून. आमच्या गल्लीतले गुरुसिद्धप्पा, म्हणजे अप्पा, यांतल्या कशासाठीही थांबत नाहीत. ते घड्याळ बघून थांबतात. दर पंचेचाळीस मिनिटांनी मनगट डोळ्यांजवळ नेतात, कच्चकन ब्रेक दाबतात, एक पाय जमिनीला टेकवतात आणि अर्ध्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "भोंगा झाला!" मग डाव्या खिशातून कडक भाकरीचा तुकडा निघतो, उजव्या खिशातून शेंगाचटणीची पुडी, आणि अप्पा चावायला लागतात.

कुठे थांबलोय याचा विचार नाही. एकदा विजापूर रोडवर वरातीच्या बरोबर मधोमध भोंगा झाला. पुढे बँजो, मागे घोडीवर नवरदेव आणि मध्ये दांड्याची काळी सायकल धरून भाकरी खाणारे अप्पा. नवरदेवाच्या मामाला वाटलं, हे मुलीकडचे कुणीतरी रुसून बसलेले पाहुणे. त्याने यांचा दंड धरला आणि "या पावणं, राग सोडा, आधी जेवून घ्या" म्हणत मांडवाकडे ओढायला सुरुवात केली. अप्पा तोंडातला घास न थांबवता म्हणाले, "जेवान न्हाय ओ, भोंगा झालाय." मामाला काय समजलं देव जाणे, पण त्याने बँजो थांबवला आणि अप्पांचं खाणं होईपर्यंत वरात उभी राहिली.

अप्पा चौतीस वर्षं एका सूतगिरणीत टाइमकीपर होते. कोण किती वाजता आलं, किती वाजता गेलं हे बघायचं आणि भोंग्याकडे लक्ष ठेवायचं, एवढंच काम. गिरणी सुटली, पण भोंगा काही अप्पांच्या अंगातून गेला नाही. सोलापूरच्या शुक्रवार पेठेत त्यांचं घर माझ्या घरापासून तिसरं. माझं चष्म्याचं दुकान आहे, म्हणून अप्पा मला नावाने न बोलावता 'चष्मेवाले' म्हणतात. आमचा सातआठ जणांचा एक सायकल ग्रुप आहे. बहुतेक सगळे डॉक्टरांनी दम दिल्यामुळे सायकलवर बसलेले, मी तर बायकोने दिल्यामुळे. अप्पा तेवढे आपणहून आले. "लांब जायचं शिकायचंय," म्हणाले. कुठे, ते सांगितलं नाही.

लांबच्या रस्त्याला काय खावं, यावर अप्पांचा अभ्यास मोठा. शिदोरीला ते बुत्ती म्हणतात, त्यांच्या घरात कानडी चालतं म्हणून. "भूक लागली म्हंजे उशीर झाला की, चष्मेवाले," ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले. "गिरनीत काय मानसं भुकेनं पडल्यावर भोंगा देत होतो काय आमी?" हे मात्र खरं निघालं. मंद्रूपच्या पहिल्याच फेरीत मी शहाणपणाने उपाशी गेलो, येताना डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि अप्पांच्या शेंगापोळीच्या एका चतकोराने मला घरापर्यंत आणलं.

ग्रुपमधल्या एका इंजिनियरने त्यांना एनर्जी जेलची पुडी दिली. अप्पांनी ती पिळली, जिभेवर घेतली, बराच वेळ विचार केला आणि पुडी अदबीने परत दिली. "कुनीतरी आधीच चावून ठिवलंय हे," म्हणाले. केळ्यांशीही त्यांचं जमत नाही. "केळं म्हंजे जावई. पिशवीत त्येलाच संबाळत बसायचं." ताक चालतं, पण समोर घुसळलेलं. गूळ चालतो, पण भाकरीच्या मागून. मुळात चावावं लागेल तेच अन्न, असं त्यांचं म्हणणं. तोंड चाललं की पाय चालतात म्हणे.

सगळेच प्रयोग यशस्वी झाले असं नाही. एकदा त्यांनी हँडलला भरल्या वांग्यांचा डबा बांधला. खड्ड्यांनी झाकण सैल झालं, तेल ओघळून पुढच्या ब्रेकच्या रबरात मुरलं आणि मैंदर्गीच्या उतारावर अप्पा ब्रेक दाबत, "सरका, सरका" ओरडत थेट बाजारातल्या कांद्यांच्या ढिगात शिरले. कांदेवाली बाई शिव्या द्यायला उठली, पण वास घेऊन थबकली. "वांगी कुनी केली ओ?" तिने विचारलं. "मीच," अप्पा कांद्यांत बसून म्हणाले. "कूट जास्त झालंय," ती म्हणाली. लागलेलं कोपर अप्पा विसरले, हे विसरले नाहीत.

कारण स्वयंपाक ते नवीनच शिकत होते. नीलाकाकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, दोन वर्षांपूर्वी पुण्याला मुलाकडे गेल्या. नात झाली होती, सून नोकरीला, तेव्हा चार महिने जाऊन येते म्हणाल्या. चाराचे आठ झाले, आठाचे चोवीस. नात आता बोलायला लागली आहे, तिला आजीशिवाय घास जात नाही. यात कुणाचं काय चुकलं म्हणावं?

रोज संध्याकाळी साडेसातला अप्पा कट्ट्यावर बसून फोन लावतात. ऐकायला कमी येतं म्हणून स्पीकरवर. त्यामुळे सगळ्या गल्लीला तो संवाद पाठ आहे.

"ऊटा आतेनु?" अप्पा विचारतात. म्हणजे जेवण झालं का.

"आत. निम्दु?" काकू म्हणतात. झालं, तुमचं?

"आत."

एवढंच. मग फोन चालूच राहतो. तिकडून कुकरची शिट्टी ऐकू येते, नात रडते, इकडून एखादी रिक्षा जाते. मिनिटभराने काकू म्हणतात, "ठिवते." अप्पा म्हणतात, "ठीव." गंमत अशी की कित्येकदा अप्पांचं जेवण झालेलंच नसतं. 'आत' म्हणून ते फोन खिशात घालतात आणि मग भाकरी थापायला उठतात.

काकूंचं माहेर मैंदर्गीचं. त्यांच्या हातची कडक भाकरी कागदासारखी पातळ, मोडली तर काडी मोडल्यासारखा आवाज. महिना महिना टिकते. अप्पांना ती जमेना. तव्यावर करपायची नाहीतर वातड व्हायची. मग टाइमकीपरने आपली अक्कल चालवली. एका उन्हाळ्यात सकाळी मी गच्चीवर गेलो, तर अप्पांच्या गच्चीतल्या दोरीवर चाळीस भाकऱ्या कपड्यांच्या चिमट्यांनी टांगलेल्या. शेजारी हातात काठी आणि डोक्यावर ओला टॉवेल घेऊन अप्पा उभे.

"हे काय, अप्पा?"

"वाळवतोय. सोलापूरचं ऊन हाय, गॅस कशाला जाळायचा?"

"कावळे नेतील की."

"दोन नेल्या. परत आनून टाकल्या," अप्पा खिन्नपणे म्हणाले.

पण माणूस चिवट. वर्षभर दर रविवारी ते आम्हाला नवी भाकरी चावायला लावत आणि आमच्या तोंडाकडे बघत. आमच्यातल्या एकाची दाढ गेली, ती वयामुळे असं त्यांचं मत. यंदा जानेवारीत मात्र एका भाकरीचा तुकडा मोडला आणि काडी मोडल्यासारखा आवाज आला. अप्पांनी तो तुकडा कानाशी धरून पुन्हा मोडून बघितला. त्याच संध्याकाळी ते माझ्या दुकानात आले.

"चष्मेवाले, तीनचार दिवस दुकान बंद ठिवताय काय?"

"कुठं जायचंय?"

"पुन्याला. सायकलनं. एकट्यानं गेलो तर पोरगं वरडतंय."

आता पासष्टीच्या माणसाने अडीचशे किलोमीटर सायकल मारत जायचं काही कारण? रेल्वे आहे, बस आहे. मी तसं म्हटलंही. अप्पा म्हणाले, "लई बघून झाली रेल्वे." मला वाटलं, म्हाताऱ्याला हौस आली आहे. खरं सांगायचं तर मलाही थोडी आली होती.

शुक्रवारी पहाटे निघालो. बुत्तीत वीस कडक भाकऱ्या, शेंगाचटणी, बारा शेंगापोळ्या, गुळाचा खडा. याखेरीज एका पांढऱ्या फडक्यात बांधलेली वेगळी चळत होती, तिला हात लावायचा नाही अशी ताकीद. मोहोळला भोंगा झाला, टेंभुर्णीला झाला, मधल्या दोन उसाच्या ट्रॉल्यांमागेही झाला. रात्री इंदापूरला लॉजवर मुक्काम. पाय माझे राहिले नव्हते, पण पोटाची तक्रार नव्हती, हे कबूल करायला हवं.

दुसऱ्या दिवशी भिगवणला मी फितूर झालो. उजनीच्या पाण्याकाठच्या त्या गावात मासा तळल्याचा वास येतो, तेव्हा माझ्यासारख्या माणसाला पायडल मारता येत नाही. अप्पा शाकाहारी, पण त्यांनी कुरकुर केली नाही. "खावा, खावा. मी पान्याकडं बसतो," म्हणाले. मी मन भरून खाऊन आलो तर ते काठावर बसले होते. लांब पाण्यात पक्षी उतरले होते, त्यांच्याकडे बघत होते.

"अप्पा, रेल्वेने काय बिघडलं असतं हो?" मी सहज विचारलं.

"दोनदा गेलो की रेल्वेनं," ते म्हणाले. "पोरगं लई गुनाचं हाय. जायचं तिकीट काडलं की परतीचं बी तवाच काडतंय. म्हंतंय, बाबा, मागनं मिळत न्हाय. शनवारी जायचं, आयतवारी दुपारी परत. सून बी चांगली. पन घर दोन खोल्यांचं. मंडळीच्या कडंवर पोर, गॅसवर कुकर. बोलायला बसतोय न बसतोय तवर गाडीची येळ हुती."

"मग राहतो म्हणायचं ना, चार दिवस."

अप्पांनी माझ्याकडे असं बघितलं की मलाच लाज वाटली.

"काय कारन सांगू? तुज्या आईबिगर मला करमत न्हाय म्हनून सांगू पोराला? ह्या वयात?" मग म्हणाले, "सायकलीला परतीचं तिकीट नसतंय की, चष्मेवाले. इतक्या लांबनं पायडल मारत आलेल्या म्हाताऱ्याला उद्या जा म्हनायची छाती कुनाची हाय? आठ दिवस तरी ठिवून घेतील का न्हाय?"

मी रोज दुकान बंद करून घरी जातो, बायको समोर असते आणि मी टीव्ही बघत जेवतो. ते आठवून मला फार ओशाळल्यासारखं झालं. वर्षभर हा माणूस काय खाल्लं म्हणजे किती लांब जाता येतं, हे शोधत होता आणि आम्ही त्याच्या भाकरीवर विनोद करत होतो.

भिगवण सोडल्यावर अप्पांचं घड्याळ बंद पडल्यासारखं झालं. पंचेचाळीस मिनिटं झाली, दीड तास झाला, चौफुला आला. मीच म्हटलं, "अप्पा, भोंगा?"

"आज हाप डे," ते म्हणाले.

यवतला मी गूळ पुढे केला, त्यांनी मान हलवली. लोणीच्या पुढे त्यांचं हँडल डगमगायला लागलं, ओठ पांढरे पडले. मी घाबरून रागावलो. तेव्हा ते हळूच म्हणाले, "जेवान झालंय म्हनून रोज खोटं सांगतो तिला. आज खरं सांगायचंय. पोट रिकामं पायजे."

हडपसरला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. तिसऱ्या मजल्यावर काकूंनी दार उघडलं, कडेवर नात. अप्पांचा धुळीने माखलेला अवतार, हातात हेल्मेट. मला वाटलं, आता रडारड होणार. काकूंनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि विचारलं, "ऊटा आतेन्री?"

"इल्ल," अप्पा म्हणाले. नाही झालं.

काकूंनी नात माझ्या हातात दिली, मी कोण हेही न विचारता, आणि आत गेल्या. परातीचा आवाज आला. अप्पा हातपाय धुऊन स्वयंपाकघराच्या दारात पाट घेऊन बसले. काकू थापत होत्या, ते खात होते. पाचव्या भाकरीनंतर अप्पांनी ते पांढरं फडकं पुढे सरकवलं. काकूंनी एक भाकरी मोडली. आवाज ऐकला. चावून बघितली.

"कुनी केली?"

"मी."

काकूंनी पदर तोंडाला लावला आणि गॅसकडे वळल्या. मी नातीला घेऊन बाल्कनीत गेलो.

इथवर सगळं अप्पांच्या हिशेबाप्रमाणे झालं होतं. पण मुलगा ऑफिसातून आला, बापाला बघून आधी घाबरला, मग त्याने त्यांना जवळ घेतलं आणि शेवटी माझ्याकडे वळला. "काका, तुम्ही परत कधी निघताय?"

"परवा, सोमवारी सकाळी," मी बेसावधपणे म्हणालो. "दुकान बंद आहे ना."

"मग बरंच झालं. बाबा तुमच्याबरोबरच निघतील. त्यांना एकट्याला हायवेवर सोडायला नको. तुम्ही आहात म्हणून काळजी नाही."

पोराच्या बोलण्यात नुसती माया होती. अप्पा माझ्याकडे बघत राहिले. परतीचं तिकीट त्यांनी सोलापुराहून स्वतःच बरोबर आणलं होतं. ते तिकीट म्हणजे मी.

मी चुलतभावाकडे उतरलो होतो. रविवार मी तिथे अपराध्यासारखा काढला. सोमवारी सकाळी माझी सायकल घेऊन त्यांच्या बिल्डिंगखाली गेलो. अप्पा खाकी शर्ट घालून, बुत्ती बांधून पार्किंगमध्ये उभे. मुलगाही खाली आला होता. आणि अप्पांच्या काळ्या सायकलीच्या मागच्या चाकाची रिम जमिनीला टेकली होती.

"पंक्चर असंल," अप्पा लांबूनच म्हणाले. खाली वाकून बघितलं नाही.

मी वाकलो. ट्यूबला काही झालं नव्हतं. व्हॉल्व्हचं नट काढून आतली बारकी पिन कुणीतरी काढून घेतली होती. पार्किंगमधल्या पोरांचा खोडसाळपणा, असं मनाशी म्हणत मी हात धुवायला वर गेलो.

काकू ओट्याशी चहा करत होत्या. "काय झालं ओ?" त्यांनी विचारलं.

"हवा गेलीय."

"अगंबाई! हवा कशी गेली?" म्हणाल्या. नाटकात घेतलं नसतं कुणी त्यांना. साखरेच्या डब्याशेजारी ती पिन पडली होती. काकूंनी माझी नजर बघितली आणि डब्याचं झाकण हळूच तिच्यावर ठेवलं. त्यांच्या हातावर काळं ग्रीस होतं, ते त्यांना दिसलं नव्हतं. चाळीस वर्षं सायकलवाल्याचा संसार केलेल्या बाईला हवा कुठून जाते ते कुणी शिकवायला लागत नाही. तीस वर्षं मी लोकांचे डोळे तपासतोय. इतके विनवणारे डोळे माझ्या दुकानात कधी आले नाहीत.

मी खाली गेलो. "ट्यूबच गेलीय," मी मुलाला म्हणालो. "ह्या जुन्या सायकलीची इथं मिळायची नाही. सोलापुराहून पाठवतो. तोवर अप्पांना राहावं लागेल."

"राहू देत की, काका. आमची कुठं ना आहे," पोरगा म्हणाला आणि ऑफिसच्या तयारीला वर गेला. इतकं सोपं होतं ते.

अप्पा मला फाटकापर्यंत सोडायला आले. इकडेतिकडे बघून माझ्या कानाशी लागले. "चष्मेवाले, माज्या पिशवीत दोन नव्या ट्यूबी हायत. बरोबर आनल्यात. मंडळीला बोलू नका. तिला वाटंल, मुद्दाम ऱ्हायलो."

"नाही बोलत."

"आनि ट्यूब कवा पाठवताय?"

"अप्पा, मी विसराळू माणूस आहे."

त्यांनी माझा हात दाबला आणि ते घाईने जिन्याकडे गेले. मी वर बघितलं. तिसऱ्या मजल्यावर काकू नातीला कडेवर घेऊन कठड्याशी उभ्या होत्या. मी त्यांनाही मानेनेच शब्द दिला आणि एकटाच हायवेला लागलो.

त्याला आता सव्वा महिना झाला. ट्यूब पाठवायची आहे, हे मला अजून आठवलेलं नाही.